मदत हवी आहे : व्हीओआर केंद्रे बंद होत असताना नवशिक्या वैमानिकाने ती किती शिकावीत?

नमस्कार मंडळी,

मध्यम लहरींच्या प्रक्षेपण केंद्रावर अभियंता म्हणून नोकरी करून मी निवृत्त झालो आहे. रेडिओ मला कळतो, विमान कळत नाही. म्हणून हा धागा काढला आहे. माझी मुलगी अमेरिकेत फ्लोरिडामध्ये प्रशिक्षण घेत असून, खासगी वैमानिकाचा परवाना मिळाल्यानंतर ती आता इन्स्ट्रुमेंट रेटिंगची, म्हणजे ढगांत बाहेरचे काहीही दिसत नसताना केवळ उपकरणांच्या भरवशावर विमान नेण्याची, तयारी करत आहे. ज्या व्हीओआर केंद्रावर, म्हणजे विमानाला दिशा कळवणाऱ्या जमिनीवरच्या रेडिओ केंद्रावर, तिचा सराव चालतो ते बंद होणाऱ्यांच्या यादीत असल्याचे तिला समजले आणि तिने फोनवर सरळ विचारले, "बाबा, जे काढूनच टाकणार आहेत, ते मी घोकत का बसू?" मला नेमके उत्तर देता आले नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे व्हीओआर हे जमिनीवरचे केंद्र १०८ ते ११८ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातून ३० हर्ट्‌झचे दोन संकेत पाठवते. एकाचा फेज (लहरीची अवस्था) सर्व दिशांना सारखा असतो, दुसऱ्याचा दिशेनुसार बदलत जातो, आणि दोहोंतील फरक मोजला की आपण केंद्राच्या कोणत्या दिशेला आहोत ते कळते. इतकी देखणी युक्ती मोडीत निघते याचे माझ्यासारख्याला वाईट वाटते. (त्याहून जुन्या एनडीबी, म्हणजे सर्व दिशांना साधा संकेत पाठवणाऱ्या केंद्रांचे तर सोडूनच द्या. त्यांच्यासाठी विमानात असलेला एडीएफचा, म्हणजे संकेताची दिशा दाखवणाऱ्या उपकरणाचा, काटा आमच्या मध्यम लहरींच्या प्रक्षेपकाकडेही वळत असे, याचे आम्हाला कोण अप्रूप होते!)

अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, २०१६ मध्ये धोरण जाहीर केले. त्यानुसार सुमारे ८९६ व्हीओआरपैकी ५९० च्या आसपास केंद्रे ठेवून बाकीची टप्प्याटप्प्याने बंद करायची आहेत; त्यासाठी आताची मुदत २०३० आहे. उरलेल्या जाळ्याला ते 'किमान कार्यरत जाळे' म्हणतात. युरोपीय संघाच्या नियमानुसारही ६ जून २०३० नंतर बहुतांश ठिकाणी उपग्रहाधारित पद्धती हीच नेहमीची पद्धत असेल आणि जमिनीवरची साधने मुख्यतः आणीबाणीपुरती उरतील.

माझे प्रश्न असे आहेत. जीपीएस अचानक गेले तर एवढ्या विरळ जाळ्यावर लहान विमान खरोखर सुखरूप उतरू शकते, की हे जाळे नुसते मनाच्या समाधानासाठी आहे? व्हीओआर काढत असताना त्याच्याच शेजारी बसवलेले डीएमई, म्हणजे अंतर मोजणारे यंत्र, मात्र का राखले जात आहे? आणि मुलगी पुढे भारतात परत येऊन परवाना रूपांतरित करून घेणार असल्याने, आपल्याकडे या जुन्या साधनांची स्थिती काय आहे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद

काका, मी दिशादर्शन यंत्रणांच्या देखभालीत बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. व्हीओआर कोन देते आणि कोनातली चूक अंतरासोबत वाढत जाते. केंद्रापासून ६० सागरी मैलांवर एक अंशाची चूक म्हणजे साधारण एक सागरी मैल, आणि संपूर्ण यंत्रणा धरून पाच अंशांपर्यंतची चूक गृहीत धरावी लागते. डीएमई अंतर मोजते. विमान प्रश्न पाठवते, जमिनीवरचे यंत्र ठरलेल्या ५० मायक्रोसेकंदांनंतर उत्तर देते आणि गेलेल्या वेळावरून अंतर निघते. अशी दोन डीएमई योग्य कोनात मिळाली, म्हणजे त्यांच्यातील कोन ३० ते १५० अंशांच्या दरम्यान असला, की मोठ्या प्रवासी विमानाचा संगणक जीपीएसशिवायही पुरेशा अचूकतेने आपली जागा काढतो. त्यामुळे डीएमई ही प्रवासी विमानांची राखीव व्यवस्था झाली. आपल्या मुलीच्या विमानात असा संगणक बहुधा नसेल. उरलेली व्हीओआर मुख्यतः तिच्यासारख्यांसाठीच ठेवली आहेत.

आता पहिला प्रश्न. हे जाळे समाधानापुरते नाही, पण त्याचे वचन मर्यादित आहे आणि ते नीट वाचले पाहिजे. जमिनीपासून ५,००० फूट किंवा त्याहून वर असलेल्या विमानाला कोणते तरी व्हीओआर मिळेल, आणि १०० सागरी मैलांच्या आत असा विमानतळ असेल जिथे जीपीएस, डीएमई, एडीएफ किंवा रडार यांच्या मदतीविना, केवळ आयएलएस (धावपट्टीपर्यंत नेणारी जमिनीवरची रेडिओ यंत्रणा) किंवा व्हीओआरवर उतरता येईल, एवढेच ते वचन आहे. पूर्वी कमी उंचीवरच्या विमानांसाठीच्या व्हीओआरचा संकेत मिळण्याची हमी ४० सागरी मैलांपर्यंत असे. आता ५,००० फुटांच्या वर ती ७० मैलांपर्यंत वाढवली आहे, म्हणून कमी केंद्रांत भागते. मात्र २,००० फुटांवर उडणाऱ्याने आधी उंची गाठायची आहे, आणि तो जिथे निघाला होता तिथेच उतरेल असे कोणी म्हटलेले नाही. पश्चिमेकडील डोंगराळ राज्यांत बहुतेक केंद्रे राखली आहेत, पण फ्लोरिडात कपात लागू आहे.

भारताबद्दल सांगायचे तर आपली गगन ही प्रणाली इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी उभारली असून, जीपीएसमधील चुका दुरुस्त करणारे संदेश ती भूस्थिर उपग्रहांवरून पाठवते. उभ्या दिशेच्या मार्गदर्शनासह उतरण्यासाठी तिला एप्रिल २०१५ मध्ये मान्यता मिळाली आणि २८ एप्रिल २०२२ रोजी राजस्थानात किशनगड येथे इंडिगोचे एटीआर विमान तिच्या आधारे उतरले. उपग्रहाचा संकेत ज्यातून येतो त्या आपल्या डोक्यावरच्या आयनोस्फिअरमध्ये (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात), विशेषतः सूर्यास्तानंतर, इतकी उलथापालथ होते की मध्य अक्षांशांवर चालणारी गणिते इथे जशीच्या तशी लावता येत नाहीत. इस्रोला त्यासाठी वेगळे प्रारूप तयार करावे लागले. पण गगन चुका सुधारते, जॅमिंग (मुद्दाम संकेत दाबून टाकणे) थांबवत नाही; तिचा संकेतही जीपीएसच्याच वारंवारतेवर येतो. डिसेंबर २०२५ मध्ये सरकारने राज्यसभेत दिल्ली परिसरातील बनावट जीपीएस संकेतांच्या घटना मान्य केल्या, तेव्हा भारतही जमिनीवरच्या साधनांचे किमान जाळे राखून असल्याचे सांगितले होते. परत आल्यावर तिचे व्हीओआरचे शिक्षण वाया जाणार नाही.

दुसरा प्रतिसाद

एस्टोनियातील तार्तूचे उदाहरण आपल्या मुलीला जरूर सांगा. तिथे उतरण्याची पद्धत जीपीएसवरच आधारलेली होती. संकेतांत सतत अडथळे येऊ लागल्यावर फिनएअरला एप्रिल २०२४ च्या अखेरीस तिथली उड्डाणे महिनाभर थांबवावी लागली, आणि जमिनीवरच्या साधनांवर आधारित पर्यायी पद्धत तयार झाल्यावरच ती पुन्हा सुरू झाली. सुमारे २०,२०० किलोमीटरवरून येणारा संकेत जमिनीवर पोहोचेपर्यंत किती क्षीण होतो हे प्रक्षेपण केंद्रावर काम केलेल्या माणसाला मी काय सांगावे!

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. क्षीण संकेत दाबून टाकणे किती सोपे असते ते मला ठाऊक आहे, पण बनावट संकेताचे काय? संकेत गेला तर उपकरण तसे सांगेल. खोटा आला तर तिला कसे कळावे?

पहिला प्रतिसाद देणारे सभासद

हाच खरा प्रश्न आहे. घड्याळाची वेळ अचानक बदलणे, दाखवला जाणारा वारा एकाएकी विचित्र होणे, नकाशावरचे विमान उडी मारल्यासारखे सरकणे या खुणा आहेत. पण फसवणूक हळूहळू केली तर यांपैकी काहीच दिसेल असे नाही. मांडीवरच्या टॅबलेटकडे पाहून खात्री करू नये, कारण तोही त्याच उपग्रहांचे ऐकतो. नियंत्रकाला विमानाची जागा कळवणारे एडीएस-बी देखील जीपीएसवरूनच जागा घेते. म्हणून जीपीएसवर उडत असतानाही दुसऱ्या रेडिओवर जवळचे व्हीओआर लावून ठेवावे आणि दर काही मिनिटांनी रेडियल (केंद्रापासून आपली दिशा) जुळते का ते पाहावे. पाच अंशांची ढोबळ चूक इथे चालून जाते, कारण आपल्याला जागा काढायची नसून साक्ष घ्यायची आहे. अमेरिकेत इन्स्ट्रुमेंट उड्डाणासाठी व्हीओआर वापरायचे असल्यास दर ३० दिवसांनी त्याची तपासणी करून नोंद ठेवावी लागते. ती नोंद चुकवू नये. तसेच नकाशावर ज्या विमानतळांच्या नावापाशी किमान जाळ्याची खूण आहे, ते तिच्या नेहमीच्या मार्गाभोवती कुठे आहेत हे तिने निघण्यापूर्वीच पाहून ठेवावे.

धागाकर्ता

हे सर्व मी तिला जसेच्या तसे पाठवले. तिने नकाशा पाहून त्या खुणेचे दोन विमानतळ कळवले असून, पुढच्या उड्डाणात जीपीएसचा पडदा झाकून, ते बंद ठेवून त्यांपैकी एकावर व्हीओआरने उतरण्याचा सराव करू द्यावा, असे ती प्रशिक्षकांना सांगणार आहे. त्या उड्डाणात काय घडले ते इथे लिहीन.