मदत हवी आहे: चाचणीचे सर्व संदेश पोहोचतात, पण फ्लिंकच्या विंडोतून एकही निकाल बाहेर पडत नाही

नमस्कार,

उपकरणांकडून सतत येणाऱ्या घटनांची बेरीज करणाऱ्या एका प्रणालीसाठी मी चाचणी-प्रक्रिया उभारत आहे आणि गेले तीन दिवस एकाच जागी अडले आहे. अपाचे काफ्का या संदेश साठवून पुढे देणाऱ्या प्रणालीत, सहा पार्टिशन (स्वतंत्र भाग) असलेल्या टॉपिकवर, म्हणजे संदेशांच्या एका नामांकित प्रवाहावर, संदेश येतात. सतत येणाऱ्या माहितीवर प्रक्रिया करणाऱ्या अपाचे फ्लिंकचा जॉब (त्यावर चालणारा प्रोग्राम) ते वाचतो, उपकरणाच्या क्रमांकानुसार त्यांचे गट पाडतो आणि एकेका मिनिटाच्या टंबलिंग विंडोत (एकमेकांवर न येणाऱ्या सलग कालखंडांत) बेरीज करून निकाल दुसऱ्या टॉपिकवर लिहितो. वेळ भिंतीवरच्या घड्याळाची नव्हे, तर संदेशातल्या टाइमस्टॅम्पची धरली आहे, आणि संदेश मागेपुढे होतात म्हणून वॉटरमार्कमध्ये (‘या वेळेपर्यंतचे संदेश आले’ असे फ्लिंक मानतो ती खूण; ती विंडोच्या शेवटाला पोहोचली की निकाल बाहेर पडतो) पाच सेकंदांची सवलत ठेवली आहे.

चाचणीसाठी लिहिलेला स्वतंत्र प्रोड्यूसर (काफ्काला संदेश पाठवणारा प्रोग्राम) तीन काल्पनिक उपकरणांच्या नावाने, प्रत्येकी सेकंदाला एक याप्रमाणे, १०:००:०० पासून १०:०१:३९ पर्यंतचे टाइमस्टॅम्प लावलेले एकूण ३०० संदेश पाठवतो आणि थांबतो. उपकरणाचा क्रमांक हीच संदेशाची ‘की’ (ओळखखूण) आहे. पहिल्या मिनिटाचे तीन निकाल प्रत्येकी ६० संदेशांचे आणि दुसऱ्या मिनिटाचे तीन निकाल प्रत्येकी ४० संदेशांचे मिळावेत, एवढीच अपेक्षा आहे. प्रत्यक्षात निकालांचा टॉपिक कोराच राहतो. जॉब बंद पडत नाही, लॉगमध्ये त्रुटीही दिसत नाही.

संदेश पोहोचतच नसावेत ही पहिली शंका होती, आणि सुरुवातीला ती काही अंशी खरीही निघाली. ‘सेंड’ म्हटल्यावर संदेश आधी प्रोड्यूसरच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) जातो, आणि माझी प्रक्रिया ‘फ्लश’ (साठलेले सगळे पाठवणे) किंवा ‘क्लोज’ न करताच संपत असल्यामुळे शेवटचे काही संदेश तिच्यासोबतच नाहीसे होत होते. ते दुरुस्त केले. पुढे असे लक्षात आले की मी टाइमस्टॅम्प १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत लिहीत होते आणि जॉब तो आकडा मिलिसेकंद समजून वाचत होता, त्यामुळे माझे सगळे संदेश २० जानेवारी १९७० या तारखेला जाऊन बसत होते. तेही दुरुस्त केले. आता फ्लिंकच्या डॅशबोर्डवर विंडोच्या टप्प्यात बरोबर ३०० संदेश आलेले दिसतात, पण त्याच टप्प्यासमोर वॉटरमार्कच्या रकान्यात ‘नो वॉटरमार्क’ असे लिहिलेले आहे. वीस मिनिटे थांबूनही त्यात फरक पडत नाही. हाच जॉब शेकडो उपकरणांच्या खऱ्या प्रवाहावर निर्दोष चालतो, आणि मला सर्वांत जास्त बुचकळ्यात टाकणारी गोष्ट हीच आहे.

वॉटरमार्क पुढे न सरकण्याचे कारण काय असावे? आणि शक्य असल्यास जॉबच्या कोडला हात न लावता ही अडचण कशी सोडवावी? चाचणी उत्तीर्ण व्हावी म्हणून ज्याची चाचणी घ्यायची तेच बदलणे मला पटत नाही.

उत्तर:

आपण दिलेल्या माहितीवरून कारण बरेच स्पष्ट दिसते. काफ्काचा प्रोड्यूसर ‘की’चा हॅश (तिच्यावरून निघणारा ठरावीक आकडा) काढून त्यावरून पार्टिशन ठरवतो. आपल्याकडे ‘की’ तीनच असल्यामुळे संदेश फार तर तीन पार्टिशनमध्ये जातील, आणि उरलेली पार्टिशन रिकामी राहतील. फ्लिंक प्रत्येक पार्टिशनचा वॉटरमार्क वेगळा मोजतो आणि त्यांतला सर्वांत मागे असलेला पुढच्या टप्प्याला देतो. ज्या पार्टिशनमध्ये एकही संदेश आला नाही त्याची वेळ सुरूच झालेली नसते, म्हणून सगळा जॉब त्याच्यासाठी खोळंबून राहतो. खऱ्या प्रवाहात शेकडो ‘की’ सहाही पार्टिशनमध्ये पसरतात, त्यामुळे तिथे हे कधी जाणवत नाही. टॉपिकच्या प्रत्येक पार्टिशनचा शेवटचा ऑफसेट (संदेशाचा अनुक्रमांक) पाहून आपण याची खात्री करून घ्यावी.

जॉबच्या कोडमध्ये ‘विथ आयडलनेस’ ही फ्लिंकची सोय लावून रिकाम्या पार्टिशनकडे दुर्लक्ष करता येते, पण केवळ चाचणीसाठी ते लावू नये असे माझेही मत आहे. गप्प पडलेले पार्टिशन नंतर जागे झाले, तर तोवर वॉटरमार्क पुढे गेलेला असतो आणि त्यातले जुने संदेश उशिरा आलेले ठरून गळू शकतात. हा निर्णय खऱ्या प्रवाहाचा स्वभाव पाहून घ्यायचा असतो. शिवाय तो उपाय केला तरी आपली दुसऱ्या मिनिटाची विंडो उघडीच राहील, कारण ती बंद होण्यासाठी किमान १०:०२:०५ चा संदेश यावा लागतो आणि आपली प्रक्रिया १०:०१:३९ लाच थांबते.

त्यापेक्षा चाचणी-प्रक्रियेच्या शेवटी, पार्टिशनचा क्रमांक स्पष्टपणे देऊन, सहाही पार्टिशनमध्ये १०:०२:०५ या वेळेचा एकेक समाप्ती-संदेश पाठवावा. त्याला कोणत्याही उपकरणाची नसलेली वेगळी ‘की’ द्यावी, म्हणजे तो आपल्या बेरजांत मिसळणार नाही. वॉटरमार्क ठरावीक अंतराने, मूळ सेटिंगनुसार दर २०० मिलिसेकंदांनी, पुढे पाठवला जातो. तेव्हा निकाल तपासणाऱ्या भागाने थोडी वाट पाहावी.

मूळ प्रश्नकर्तीकडून:

मनापासून आभार. ऑफसेट पाहिले तेव्हा सहांपैकी दोनच पार्टिशन हललेली होती. एकात २०० आणि दुसऱ्यात १०० संदेश होते. समाप्ती-संदेश जोडताच सहाही निकाल आले, आणि ६० व ४० हे आकडेही तंतोतंत जुळले.

यानंतर जे घडले तेही नोंदवते, कारण अशी प्रक्रिया उभारणाऱ्या कोणालाही ते भेटेल. जॉब चालू ठेवून तीच चाचणी पुन्हा चालवली, तर निकाल शून्य. या वेळी वॉटरमार्क १०:०१:५९.९९९ वर होता आणि ‘नम लेट रेकॉर्ड्स ड्रॉप्ड’ या मेट्रिकमध्ये ३०० हा आकडा होता. म्हणजे दुसऱ्या फेरीचा प्रत्येक संदेश उशिरा आलेला समजून निमूटपणे टाकून दिला गेला होता. आता प्रत्येक फेरीची आधारवेळ मी आधीच्या फेरीच्या समाप्ती-संदेशानंतरच्या एखाद्या पूर्ण मिनिटापासून धरते. १०:१० पासून सुरू केलेल्या फेरीत मात्र सहाऐवजी सात निकाल आले. सातवा निकाल आधी पाठवलेल्या समाप्ती-संदेशांचा होता, कारण त्यांची विंडो तोवर उघडीच होती आणि या फेरीत ती बंद झाली. म्हणून निकाल तपासणाऱ्या भागात ती ‘की’ वगळण्याची अट घातली आहे, आणि आज लागोपाठ दहा फेऱ्या जॉब पुन्हा सुरू न करता बरोबर उतरल्या.