सालाझारच्या मंत्र्याला सुधारक म्हणायचं का?

दर्यावर्दी
सार्मेंतो रॉद्रिगिश हे नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. पोर्तुगालच्या नौदलातला अधिकारी. सालाझारच्या हुकूमशाहीत आधी पश्चिम आफ्रिकेतल्या पोर्तुगीज गिनीचा गव्हर्नर (१९४५ ते ४९), मग १९५० ते ५५ वसाहतमंत्री, पुढे मोझांबिकचा गव्हर्नर-जनरल. माझ्या मते त्या राजवटीतला हा खराखुरा काम करणारा माणूस, सुधारकच. गिनीच्या राजधानीत, बिसाऊत, त्याने अभ्यासकेंद्र उभारलं, त्याचं नियतकालिक सुरू केलं. त्याच्या हाताखालचा तेशेरा द मोता, तोही नौदलातलाच, गिनीतल्या लोकांची घरं कशी बांधतात यावर लिहीत होता. आधी पाण्याची खोली मोजायची, मग नांगर टाकायचा, ही दर्यावरची शिस्त रॉद्रिगिशने कारभारात आणली.

मांडवीकर
खोली मोजली ती कुणासाठी? १९५१ साली त्याच्याच कारकिर्दीत ‘वसाहती’ हा शब्द राज्यघटनेतून गेला आणि ‘सागरपार प्रांत’ आला. खात्याची पाटीही बदलली. दुसऱ्या महायुद्धानंतर वसाहती राखणं जगाला पटेना, म्हणून ही सोय. ब्राझीलचे समाजशास्त्रज्ञ गिल्बेर्तो फ्रेइरी यांना त्यानेच बोलावून बहुतेक पोर्तुगीज मुलखांतून फिरवलं, गोव्यातही आणलं. पोर्तुगीज माणूस उष्ण कटिबंधात सहज मिसळतो, ही त्यांची मांडणी मग सरकारने उचलून धरली.

आता १९५४ चा फेब्रुवारी बघा. म्हापशातली एक मेजवानी. गोवा म्हणजे पोर्तुगालच, असं कुणीसं भाषणात म्हणालं. डॉ. पुंडलिक गायतोंडे म्हणाले, ‘मी निषेध करतो.’ एवढंच. त्यांना पकडलं आणि लिस्बनला धाडलं. गोवा खरंच प्रांत होता, तर तिथल्या डॉक्टरला जेवणाच्या टेबलावर एक वाक्य बोलायची मुभा का नव्हती?

दर्यावर्दी
गायतोंड्यांवर अन्याय झाला, वादच नाही. पण गोव्याचं धोरण सालाझार स्वतः ठरवायचा. मंत्र्याच्या हातात किती होतं?

मांडवीकर
राजीनामा हातात होता. १८ मे १९५५ ला नानासाहेब गोरे सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्यात शिरले, पकडले गेले, पुढे दहा वर्षांची शिक्षा झाली. तेव्हाही मंत्री हाच.

साष्टीकर
दोघांनीही मे १९५४ चा कायदा सोडला. गोव्याला तो लागू नव्हता, म्हणून आपल्याला आठवत नाही. गिनी, अंगोला, मोझांबिकमधल्या आफ्रिकी माणसाला नागरिक व्हायचं तर पोर्तुगीज अस्खलित यायला हवी, कमाई हवी, वर्तन चांगलं असल्याची खात्री हवी. तोवर तो ‘इंदिजिना’, म्हणजे मूळचा रहिवासी, पण नागरिक नव्हे. दर्यावर्दी, ज्या गिनीतली घरं मोजली, त्याच घरातल्या माणसांना हा कायदा लागला.

दर्यावर्दी
साष्टीकर, याला माझ्याकडे उत्तर नाही. ‘सुधारक’ हा शब्द मागे घेतो. बिसाऊतलं काम मात्र मी मोलाचंच मानेन.

साष्टीकर
माना. मीही मानतो. त्या कायद्यावर मंत्री म्हणून केलेली सही त्या कामाने पुसली जात नाही, एवढंच.