विषय: भावाचं फिटनेस सर्टिफिकेट, सोलापूर

नमस्कार मंडळी,
माझा मावसभाऊ सोलापूरला सूतगिरणीत कार्डिंग (कापूस पिंजायच्या) खात्यात आहे, 16 वर्षं झाली. दीड महिना आजारी होता, आता कामावर गेला तर म्हणतात आधी फिटनेस सर्टिफिकेट आण, आमच्याच डॉक्टरचं, फी तुझी आणि छातीचे सगळे रिपोर्ट ऑफिसात जमा कर. तो घाबरलाय, रिपोर्ट दिले की घरी बसवतील म्हणतो. इथे इंग्लंडात लेस्टरला 2010 पासून फिट नोटवर (आजारपणाच्या दाखल्यावर) डॉक्टर लिहू शकतो की काम बदलून किंवा तास कमी करून दिले तर हा कामावर येऊ शकेल. तिकडे काय करता येईल?

---

अगं, कार्डिंग वाचलं आणि लगेच लिहायला बसलो, माझे वडील तिथल्याच गिरणीत होते. भावाला एवढं विचार, सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होते का, आणि मग दोन-तीन दिवसांत कमी होतं का? तसं असेल तर बिसिनोसिस असू शकतो, कापसाच्या धुळीचा. वडिलांना सुट्टीच्या दिवशी काही नसायचं आणि कामावर गेले की त्या रात्री दोन उशा लागायच्या, आम्हाला वाटायचं बिडीमुळे.

म्हणून दीड महिना घरी आराम केलेल्या माणसाला पाच मिनिटं स्टेथोस्कोप लावून फिट लिहिण्यात काही अर्थच नाही, धुळीपासून लांब राहिला की तो बरा दिसणारच. फुंकायची टेस्ट, स्पायरोमेट्री, कामाच्या पाळीच्या आधी आणि पाळी सुटल्यावर अशी दोनदा पाहिजे, आणि सर्टिफिकेटवर कुठल्या खात्यासाठी फिट ते लिहून घ्यायचं. हा रोग 1948 च्या कारखाना कायद्याच्या यादीत होता आणि आता त्याच्या जागी आलेल्या कामगार सुरक्षेच्या नव्या संहितेच्या यादीतही आहे, सापडला तर डॉक्टरला सरकारला कळवावं लागतं, लपवायची गोष्ट नाही ती. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या या संहितेत तर 40 च्या पुढच्या कामगाराची वर्षाची तपासणी मालकाने फुकट करून द्यायची आहे, मग ही फी पोराच्या खिशातून का?

ईएसआय (कामगार विमा योजनेचं) कार्ड असेल तर आधी तिथेच दाखव म्हणावं, आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के मिळतात. एक्सरेची मूळ फाईल कोणालाही देऊ नको म्हणावं, झेरॉक्स द्यावी.

---

काका, आत्ताच फोन झाला. पहिल्याच दिवशी होतं म्हणाला, चार वर्षं झाली, आणि कुठल्याच डॉक्टरने कामाचं खातं विचारलं नव्हतं. उद्या ईएसआयला जातोय.