मदत हवी आहे: जुन्या बोटीच्या सिंकचा थ्रू-हल बदलताना

नमस्कार मंडळी. १९८० च्या दशकातली फायबरग्लासची शिडाची बोट, एरवी गोव्यात मांडवी नदीत असते, पावसाळ्यासाठी वर काढली आहे. तेवढ्यात गॅलीच्या (बोटीतल्या स्वयंपाकघराच्या) सिंकच्या निचऱ्याचं काम करून घ्यायचंय.

सध्या १.५ इंची थ्रू-हलवर (हलमधून, म्हणजे बोटीच्या कवचातून, आरपार जाणारी आट्यांची नळी) थेट पितळी गेट व्हॉल्व्ह आहे. चाक फिरतं, पण आतली झडप हलते की नाही कळत नाही. खरवडलं तर धातू गुलाबी आणि भुसभुशीत, म्हणजे खाऱ्या पाण्यात जस्त निघून गेलंय. तो जाणारच.

त्याजागी नुसता बॉल व्हॉल्व्ह नको. थ्रू-हलचे आटे सरळ, व्हॉल्व्हचे निमुळते. दोन-तीन आट्यांवर पकड राहते आणि पाय पडला की मोडतं. म्हणून फ्लँजवाला ब्राँझ सीकॉक (रुंद बूड बोल्टने हलला बसणारा व्हॉल्व्ह), खाली एपॉक्सीने चिकटवलेली जी-१० ची (काचतंतू-एपॉक्सीच्या कडक पत्र्याची) जाड तबकडी. फ्लँजचे बोल्ट हलमधून आरपार घ्यावेत की तबकडीतच आटे पाडावेत? आरपार म्हणजे तीन भोकं वाढतात, ते पटत नाही.

जुना थ्रू-हल ब्राँझचाच दिसतो, पण ठेवणार नाही. बाहेरून टोपी ग्राइंडरने उडवली तर जेलकोट (फायबरग्लासवरचा बाहेरचा गुळगुळीत थर) वाचतो का, की आतून नट कापणं बरं? सीलंट सिकाफ्लेक्स २९१ घेतोय. ३एमचं ५२०० कायमचं चिकटतं, ते पुन्हा सोडवणं म्हणजे शिक्षाच.

शिवाय सिंकचा तळ पाणरेषेच्या जेमतेम वर आहे. बोट त्या बाजूला कलली की पाणी उलटं सिंकमध्ये येतं. सीकॉक बंद करणं हा एक उपाय. कोणी पायपंपाने उपसून निचरा वरच्या थ्रू-हलला नेलाय का? खरकटं अडकतं का त्यात?

आणि ३१६ स्टीलचे, भोकं नसलेल्या पट्टीचे होज क्लँप गोव्यात कुठे मिळतील? दर टोकाला दोन लागतील.