आवडीची जपणूक: गाणं, सिनेमा आणि ताटातलं दैवत (अनुभव धागा)

कुणाला बालगंधर्व, कुणाला मल्लिकार्जुन मन्सूर, कुणाला प्रभातचे जुने चित्रपट, कुणाला कोल्हापूरची मिसळ. आपलं दैवत किती थोर, हे इथे सगळ्यांना मान्यच आहे. या धाग्यात हवी आहे ती पुढची गोष्ट: ती आवड सांभाळताना हाताला काय कळलं? मापं, पद्धती, कुठे बिघडतं आणि का बिघडतं, हे लिहा. भेटीगाठींच्या आठवणींसाठी वेगळा धागा काढू.

*

मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या ग्रामोफोन तबकड्यांपासून सुरुवात करतो, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथे होतं आणि तेही प्रेमापोटी. या तबकड्या लाखेच्या आहेत आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. एलपी (नंतरच्या प्लास्टिकच्या तबकड्या) साफ करायचं स्पिरिट, आयसोप्रोपिल अल्कोहोल, सॅनिटायझर यांतलं काहीही लावलं तर एका पुसण्यात खाचा जातात. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचे दोन-तीन थेंब घालायचे आणि मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने, गोल फिरवत पुसायचं. मधल्या कागदी लेबलावर थेंब पडू द्यायचा नाही. नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुसून लगेच कोरडं करून उभं ठेवायचं. लाखेत भुकटी मिसळलेली असते, ती ओल धरते.

दुसरी चूक सुईची. एलपीची सुई टोकाशी १८ ते २५ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते, तर ७८च्या खाचेला सुमारे ७५ मायक्रॉनची लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते, मग खरखर जास्त आणि गाणं कमी. पुष्कळ यूएसबी टर्नटेबलांवर ७८चा वेग असतो, पण सुई एलपीचीच असते. वेगळी सुई मागून घ्या. चावीच्या ग्रामोफोनवर तबकडीची प्रत्येक बाजू वाजवताना नवी लोखंडी पिन लावा. जुनी पिन दुसऱ्यांदा लावली तर ती खाच कोरते.

ठेवताना तबकड्या उभ्याच ठेवा. आडव्या थप्पीत खालच्या तबकड्यांना भार सोसत नाही. दहा इंची तबकडी सुमारे २०० ग्रॅमची, म्हणजे शंभर तबकड्यांचा कप्पा २० किलोचा होतो. प्लायवुडची पातळ फळी वाकते आणि कडेच्या तबकड्या तडकतात.

*

वरच्या माहितीत वेगाची भर घालतो. ‘७८’ हा आकडा सुरुवातीच्या काळात नावापुरताच होता. ७४ने मुद्रित झालेली तबकडी ७८ने वाजवली तर साडेपाच टक्के वेग वाढतो, आणि सहा टक्क्यांना एक पट्टी, म्हणजे पेटीवरची लगतची एक पट्टी चढते. म्हणजे काळी एकचा गायक जवळपास पांढरी दोनमध्ये ऐकू येतो, आवाज बारीक होतो, ताना कृत्रिम वाटतात. ‘पूर्वीचे लोक किती चढे गात’ हे मत बनवण्याआधी फेऱ्या तपासाव्यात. त्याच गायकाच्या त्याच काळातल्या चार-पाच तबकड्यांचा षड्ज (सा) तंबोऱ्याच्या अ‍ॅपवर लावून पाहा. एकच तबकडी वेगळी पडत असेल तर दोष बहुधा वेगाचा. निव्वळ पेटीवर विसंबू नका, पेट्याही एकसारख्या जुळलेल्या नसत.

शेवटचे काही सेकंद कापू नका. भारतातलं व्यावसायिक ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यात सुरू झालं, गायिका गौहरजान त्या पहिल्या कलाकारांपैकी एक. मूळ मुद्रणं जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तिथल्या कारागिरांना गायक ओळखता यावा म्हणून कलाकार शेवटी स्वतःचं नाव उच्चारत. लेबल फाटलेल्या तबकडीवर तोच पुरावा उरतो. लेबलाजवळच्या कोऱ्या भागात कोरलेला आकडाही वहीत टिपा. तो लेबलावरच्या विक्री-क्रमांकापेक्षा निराळा असतो, आणि एकच मुद्रण दोन लेबलांवर निघालं असेल तर त्यानेच कळतं.

*

माझा विषय कॅसेट. खाजगी बैठकींचं आणि रेडिओवरच्या मैफलींचं कितीतरी गाणं आजही फक्त कॅसेटवर आहे.

आधी फीत पाहा. खिडकीतून पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. ती कॅसेट प्लेअरमध्ये घालायची नाही, कारण हेडला (फीत वाचणाऱ्या भागाला) लागलेली बुरशी पुढच्या दहा कॅसेटींना लागते. तिला बंद पिशवीत सिलिका जेलसोबत वेगळी ठेवा. कोकणात आणि मुंबईत हे काम पावसाळ्याआधी करायचं, गणपतीनंतर उशीर झालेला असतो. आवाज दबका येत असेल तर फितीमागचा स्पंजाचा छोटा तुकडा पाहा, जुना डिंक सुटून तो पडतो. कवच पाच स्क्रूंचं असेल तर उघडून दुसऱ्या कॅसेटचा तुकडा बसवता येतो. चिकटवलेलं कवच असेल तर फिरक्या काढून स्क्रूच्या कवचात घालाव्या लागतात.

कॅसेटवरचा आकडा म्हणजे दोन्ही बाजू मिळून मिनिटं. सी-९०ची फीत सी-६०पेक्षा पातळ आणि सी-१२०ची त्याहून पातळ, ती ताणली जाते. म्हणून सी-१२० आधी संगणकावर उतरवून घ्या. वाजवण्यापूर्वी प्रत्येक कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवा, म्हणजे चिकटलेले पदर सुटतात. दर दहा तासांनी हेड आयसोप्रोपिलने पुसा, रबरी चाक मात्र ओलसर कापडाने.

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर वेव्ह फाइल करा. तासाला साधारण १ जीबी जागा लागते. सर्वांत मोठी तान उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही अशी पातळी ठेवा. आणि आता कळकळीने सांगतो: आवाज ‘स्वच्छ’ करू नका. ही सॉफ्टवेअर गाणं सुरू होण्याआधीचा ‘शांत’ भाग नमुना म्हणून घेतात आणि त्यासारखं सगळं पुसतात. आपल्या मैफलीत तो भाग शांत नसतो, तिथे तंबोरे वाजत असतात. परिणामी संपूर्ण राग तंबोऱ्याशिवाय उरतो आणि गायकाच्या श्वासाची कडही जाते. एखाद्याला साफ केलेली प्रत ऐकायची असेल तर वेगळी करा, मूळ फाइल तशीच राहू द्या.

*

फाइलचं नाव ‘भीमसेन ३’ असं ठेवू नये. कलाकार, राग, ताल, चिजेचे पहिले शब्द, गाव, तारीख, साथीदार, एवढं हवं. तारीख माहीत नसेल तर रकाना कोरा ठेवा. अंदाजाने लिहिलेलं साल प्रतीमागून प्रत होत पक्कं होऊन बसतं.

*

प्रत्यक्ष मैफलीची वही कशी ठेवावी, याबद्दल थोडं.

पुण्याचा सवाई गंधर्व संगीत महोत्सव भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ सुरू केला. पूर्वी तो रात्रभर चाले. आता ध्वनिक्षेपकाला रात्री १०ची मर्यादा आहे, आणि परवानगीच्या मोजक्या दिवशी १२ची. याचा फटका रागांना बसला. उत्तररात्रीचे आणि पहाटेचे राग मोठ्या मंचावरून जवळजवळ गेले, जे कानावर पडतं ते सायंकाळचं आणि रात्रीच्या पहिल्या प्रहरांचं. ललत किंवा रामकली समोर बसून ऐकायची असेल तर पहाटेच्या छोट्या मैफली शोधा, दिवाळीत आणि पाडव्याला त्या गावोगाव होतात. डिसेंबरात पुण्यात भारतीय बैठकीत बसणाऱ्यांनी अंथरायला जाड सतरंजी न्यावी. थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त येते.

वहीत लय आकड्यांत लिहा. ‘अतिविलंबित’ (अगदी संथ) या शब्दाने दोन वर्षांनी काहीच आठवत नाही. समेपासून (तालाच्या पहिल्या मात्रेपासून) समेपर्यंत घड्याळ लावा. एकतालाचं १२ मात्रांचं आवर्तन ४८ सेकंदांत आलं तर मात्रा ४ सेकंदांची. अशा दहा नोंदी झाल्या की किराणा घराण्याचा संथ विस्तार आणि जयपूर-अत्रौलीची त्यामानाने चढी, बहुतेकदा तीनतालातली चाल हा फरक स्वतःच्या हिशोबाने दिसतो. जोडराग (दोन रागांचं मिश्रण) किंवा अनवट (क्वचित गायला जाणारा) राग असेल तर नावाइतकंच महत्त्वाचं म्हणजे कुठल्या स्वरावर न्यास (ठहराव) झाला आणि दुसऱ्या रागात शिरण्याची जागा कोणती. नाव घराण्यागणिक बदलतं.

मोबाइल खिशात असू द्या. मुद्रण हवं असेल तर आयोजक आणि कलाकार दोघांना आधी विचारावं.

*

कॅसेट आणि तबकड्यांचं वाचून सिनेमाच्या बाजूचं लिहावंसं वाटलं, कारण वेगाचा घोटाळा इथेही तोच आहे.

चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो, आपल्याकडचं जुनं टीव्ही आणि व्हीसीडीचं माप २५चं. पुष्कळ प्रतींत चित्रपट सरळ २५ने पळवलेला असतो. लांबी चार टक्क्यांनी घटते आणि गाणी एका पट्टीच्या सुमारे ७० टक्के चढतात. पेटीवर धरायला जावं तर सूर काळी-पांढरीच्या मध्येच कुठेतरी सापडतो. व्हीएलसी या संगणकावरच्या प्लेअरमध्ये वेग ०.९६ करा, पण त्याआधी सेटिंगमधलं ‘टाइम-स्ट्रेचिंग ऑडिओ’ बंद करा. नाहीतर वेग कमी होतो आणि पट्टी चढीच राहते.

प्रत पूर्ण आहे का, हे सेन्सॉर प्रमाणपत्रावरून कळतं. सुरुवातीला दिसणाऱ्या त्या कागदावर लांबी मीटरमध्ये असते. ३५ मिमी फिल्म मिनिटाला २७.४ मीटर, म्हणजे ९० फूट धावते. ४,११५ मीटर म्हणजे १५० मिनिटं. तुमची प्रत १४४ मिनिटांची असेल तर वेग वाढवलेला आहे, चित्रपट शाबूत. १३०ची असेल तर कात्री लागली आहे, बहुतेकदा गाण्यांना.

आकाराकडेही बघा. प्रभातच्या काळातली चौकट जवळपास ४:३ची. ती रुंद पडद्यावर भरण्यासाठी वरून-खालून कापली की एक चतुर्थांश चित्र जातं. कॅमेरामनने डोक्यावर मुद्दाम सोडलेलं आकाश आणि नाचणाऱ्याचे पाय, नेमकं तेच. कापलेलं परत मिळत नाही, दुसरी प्रत शोधावी लागते. चित्र नुसतं ताणलेलं असेल, म्हणजे चेहरे रुंद दिसत असतील, तर व्हीएलसीत ‘ए’ दाबत ४:३वर आणा. दोन काळे पट्टे असू द्यावेत.

पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे. त्याचे संस्थापक पी. के. नायर यांनी मिळेल तिथून रिळं जमवली म्हणून आज तपासायला काहीतरी हाती आहे. तिथे जुन्या प्रतीचा खेळ लागला तर घरी डिस्क असली तरी जावं. काळ्या-पांढऱ्या छायाचित्रणातल्या करड्या छटा व्हीसीडीच्या ३५२ बाय २८८ ठिपक्यांत मावत नाहीत.

*

आता मिसळ, आणि तीही कोल्हापुरी. घरी केली की तर्री (कटावर येणारं लाल तेल) येत नाही, ही सार्वत्रिक तक्रार आहे. सहा जणांचं प्रमाण असं:

पाव किलो मटकी ८-१० तास भिजवून फडक्यात बांधा. उन्हाळ्यात १२ ते १६ तासांत मोड येतात, थंडीत पूर्ण दिवस लागतो. हळद-मीठ घालून उघड्या पातेल्यात, उकळीनंतर १०-१२ मिनिटं. कुकर नको, एका शिट्टीत दाणा फुटतो आणि पिठूळ पाणी कटात उतरून तर्री धरून ठेवतं.

कटाला ३ मध्यम कांदे, ७५ ग्रॅम सुकं खोबरं, १५-२० लसूण पाकळ्या, इंचभर आलं, टेबलस्पूनभर तीळ. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजा. कांदा खरपूस तपकिरी हवा. ओलसर राहिला तर तेल आणि पाणी एकजीव होतात आणि वर काही येत नाही. दीडशे मिलि तेलात वाटण तेल सुटेपर्यंत परता, १५ मिनिटं तरी. मग गॅस बंद करा, अर्धा मिनिट थांबा आणि ४ टेबलस्पून कांदा-लसूण चटणी व एक टेबलस्पून ब्याडगीची पूड घाला. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. कडकडीत तेलात मात्र तो जळून काळपट आणि कडू होतो. लगेच दीड लिटर उकळतं पाणी. गार पाणी घातलं की उकळी मोडते आणि तेल मसाल्यातच बसतं. मंद आचेवर २०-२५ मिनिटं, डावाने न ढवळता. शेवटी १० मिनिटं नुसतं ठेवा, तर्री तेव्हा वर येते.

दाटपणासाठी बेसन लावू नका. वाढताना मटकी, फरसाण, मग कट, वर कांदा-कोथिंबीर. कट ताटलीत जेवायला बसल्यावरच पडला पाहिजे. सोबत स्लाइस ब्रेड. पुण्याची पोहे घातलेली मिसळ आणि नाशिकची काळ्या मसाल्याची मिसळ हे वेगळे पदार्थ आहेत, त्यांची कोल्हापूरशी तुलना करत बसू नये.

*

मिसळीवर हापूसचा उतारा. कोकणात फळ ‘चौदा आणे’ (सोळांपैकी, म्हणजे जवळपास पूर्ण) तयार असताना उतरवतात. पाण्यात टाकल्यावर बुडालं तर तयार, तरंगलं तर कोवळं. कोवळं फळ पिवळं होईल, पण गोड होणार नाही. आढी लावताना खाली दोन इंच पेंढा, एकावर एक तीन थरांहून जास्त नको, दर दोन दिवसांनी हात फिरवायचा. सहा ते दहा दिवसांत तयार होतो. रंगावर जाऊ नका, देठाशी वास घ्या आणि सालीवर सुरकुतीची चाहूल बघा.

साका, म्हणजे कोयीजवळचा पांढरा स्पंजासारखा भाग, बाहेरून ओळखता येत नाही. उष्णता हे त्याचं मोठं कारण, म्हणून पेटी आणल्यावर गॅलरीत उन्हात किंवा गाडीच्या डिकीत तासन्‌तास ठेवू नये. कच्चा हापूस फ्रिजमध्येही घालू नका. १२-१३ अंशांखाली त्याचं पिकणं बिघडतं आणि सालीवर काळे डाग येतात. पिकलेला तीन-चार दिवस चालेल, पण खाण्याआधी तासभर बाहेर काढून ठेवा, गारठलेल्या आंब्याला वास येत नाही.