मदत हवी आहे: टोळ्या ऊसतोडीला निघायच्या आत गावाच्या गरजा विचारून घ्यायच्यात, कसं करू?

डोंगरपट्टा:

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे, म्हणजे दाखले, घरपट्टीच्या पावत्या आणि विकास आराखडा ई-ग्रामस्वराजवर (सरकारी पोर्टल) भरणं हे सगळं माझ्या टेबलावर. गावाचं नाव लिहीत नाही, समजून घ्या.

आता २०२६-२७ चा आराखडा करायचाय. दरवर्षी २ ऑक्टोबरपासून मोहीम सुरू होते, लोकांना विचारून गरजा काढायच्या, ग्रामसभेत मांडायच्या, मंजूर करायच्या. कागदावर एकदम भारी. पण आमच्याकडं दसरा झाला की टोळ्या निघतात, काही दिवाळी करून निघतात, आणि यंदा, २०२५ ला, दसराच आलाय २ ऑक्टोबरला. म्हणजे ज्या दिवशी सरकार म्हणतं गावाला विचारा काय पाहिजे, त्या दिवशी निम्मं गाव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी भरायलेलं असणार, आणि मग मार्च-एप्रिलपर्यंत वस्त्यांवर नुसती म्हातारी माणसं, बारकी पोरं आणि शेळ्या.

मग ग्रामसभेला येतं कोण तर पारावरचे तेच दहा-पंधरा जण. मागण्या पण ठरलेल्या, मंदिरापुढं पेव्हर ब्लॉक, सभामंडप, वेशीला कमान, हायमास्ट, स्मशानभूमीचा रस्ता (हा मात्र खरंच लागतो, पावसाळ्यात तिरडी घेऊन गुडघाभर चिखलातून जावं लागतं). तांड्यावरचा कुणी आलाच तर मागं उभा राहतो आणि चहा झाला की जातो. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते, तीही होते, म्हणजे रजिस्टर घरोघर फिरतं आणि सह्या-अंगठे होतात. मागच्या काही वर्षांचे आराखडे शेजारीशेजारी उघडून बघितले तर कामांची नावं तीच, रकमा तेवढ्या पुढंमागं.

आत्ताचे सरपंच तरुण आहेत, त्यांना मनापासून वाटतंय की यंदा नीट व्हावं. म्हणाले, "तू कर काय करायचं ते, मी मागं आहे, फक्त भांडणं लावू नको." भाऊसाहेबांचीही (म्हणजे आमच्या ग्रामसेवकांची) हरकत नाही. मी आधी गूगल फॉर्म करून गावच्या ग्रुपवर टाकला, उत्तरं आली ती सगळी पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्या पोरांची आणि त्यांना गावात जिम पाहिजे.

तर मला विचारायचंय की लोकांना गाठायचं कधी, आणि विचारायचं नेमकं काय? "अडचण काय" म्हटलं की सगळे एका सुरात रस्ता-पाणी-लाईट, "काय पाहिजे" म्हटलं की घरकुल नाहीतर विहीर, म्हणजे ज्याचं त्याचं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे त्यातलं पहिलं कुठलं, दुसरं कुठलं हे कसं ठरवायचं, कारण हात वर करायला लावले की मोठी भावकी जिंकणार हे उघड आहे. मूळ गाव, तीन वस्त्या आणि एक तांडा आहे. मदतीला दोन पोरं आणि उमेदच्या सीआरपी ताई (गावातल्या बचत गटांचं काम बघणाऱ्या). बाहेरची संस्था वगैरे परवडणार नाही. कुणी केलंय का असं काही?

पाणलोट:

केलंय, पाणलोटाच्या कामात असताना बऱ्याच गावांत. पहिली गोष्ट, लोकांना ग्रामपंचायतीत बोलावू नका, तुम्ही वस्तीवर जा, तेही संध्याकाळी माणसं रानातून आल्यावर. दिवस ठरवताना कॅलेंडर लोकांचं बघा. पोळ्याला आणि पंचमीला तुमच्याकडं सगळं गाव घरी असतं, त्याच्या आगेमागे चार संध्याकाळी काढा.

विचारायचं काय, तर पाहिजे-नको काही विचारूच नका. "काल सकाळी उठल्यापासून काय काय केलं" इथून सुरू करा. जमिनीवर खडूनं नाहीतर रांगोळीनं वस्तीचा नकाशा त्यांच्याकडूनच काढून घ्या, हातपंप कुठं, शाळा कुठं, कोण कुठं राहतं. काठी एकाच्याच हातात राहू देऊ नका, फिरवत राहा. नकाशा काढताना माणसं आपोआप भांडतात, "अरे तिथं नाही, तो पंप कधीचा बंद आहे", आणि त्या भांडणातच गरज सापडते.

क्रम लावायला चिंचोके वापरा. जी सात-आठ कामं निघतील त्यांची साधी चित्रं काढून ओळीनं मांडा (वाचता न येणाऱ्यांची अडचण होत नाही) आणि प्रत्येकाला दहा-दहा चिंचोके द्या, ज्याला जे जास्त गरजेचं वाटतं तिथं जास्त टाकायचे. सगळे दहा एकावर टाकले तरी चालतील. आणि एक करा, बायकांना चिंचोके द्या आणि पुरुषांना मक्याचे दाणे. ढीग मोजताना कुणाचं काय म्हणणं आहे ते सगळ्यांच्या डोळ्यांपुढं येतं, मग कुणी म्हणू शकत नाही की आमच्या घरातल्यांचं पण हेच मत आहे.

पेठेतला:

आमच्या पुणे महापालिकेत नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक २००६ पासून आहे, अर्ज भरून आपल्या प्रभागातलं छोटं काम सुचवायचं. मी बरेचदा भरलाय. शहराचं वेगळं असतं मान्य, पण एक अनुभव तुमच्या उपयोगाचा आहे. "आमच्या भागात दिवे लावा" असं लिहिलं की ते कुठंतरी विरून जातं, "अमुक चौकापासून अमुक शाळेच्या फाटकापर्यंत चार खांब, त्यातले दोन आहेत पण बंद" असं लिहिलं की निदान कुणीतरी येऊन बघून जातं. तुम्ही लोकांकडून लिहून घेताना जागा नेमकी घ्या.

आणि जिमवाल्या पोरांना अगदीच उडवून लावू नका, वर्गणीला तीच उपयोगी पडतात :)

भाऊसाहेब_निवृत्त:

तीस-बत्तीस वर्षं ग्रामसेवक होतो, आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. वरच्या दोघांनी चांगलं सांगितलं पण पैशाचं कुणी बोललं नाही. लोकांपुढं जाताना पहिल्यांदा तिजोरी उघडून दाखवा. पंधराव्या वित्त आयोगाच्या (केंद्राकडून येणाऱ्या) निधीत मार्च २०२६ पर्यंत ६० टक्के बंधित, ते पाणी आणि स्वच्छतेलाच जातं, ४० टक्के अबंधित, त्यात तुमची मोकळीक. स्वनिधीतले, म्हणजे पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याण, ५ टक्के दिव्यांग. हे आकड्यात सांगा, आपल्या गावाला गेल्या वर्षी एकूण किती आले आणि त्यातले हातात किती. पंधराव्या आयोगाची मुदत मार्च २०२६ पर्यंतच, त्यामुळं पुढच्या वर्षाचा आकडा अंदाजानं धरावा लागेल, तेही सांगून टाका. आकडा ऐकला की कमानीची हौस निम्म्यावर येते, हा माझा अनुभव.

मग जे निघेल त्याचे तीन ढीग करा. एक, ज्याला पैसाच लागत नाही. दोन, जे पंचायतीच्या पैशात बसतं. तीन, जे आपल्या हातातलं नाही, विजेची डीपी (ट्रान्सफॉर्मर), जिल्हा परिषदेचा रस्ता, एसटीची फेरी, त्याचे ठराव करून त्या त्या खात्याकडं पाठवायचे. हे ढीग न करता मतदान घेतलं की लोक चिंचोके टाकणार एसटीवर आणि वर्षानं तुम्हाला विचारणार एसटी कुठंय.

आणि २ ऑक्टोबरची वाट कशाला बघताय? १५ ऑगस्टची ग्रामसभा आहेच, सगळे गावात असतात. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातली कमी असेल ती, एवढी माणसं तुमच्याकडं तेव्हा सहज जमतील. वस्त्यांवरची यादी त्या सभेत वाचून प्रोसिडिंगला (सभेच्या इतिवृत्तात) घ्या, वस्तीनिहाय, कुठल्या वस्तीवर काय निघालं ते नाव घालून. ऑक्टोबरात मंजुरीच्या वेळी कुणी यादी बदलायला लागला तर प्रोसिडिंग बुक पुढं ठेवायचं. तोंडी ठरलेलं टिकत नाही, प्रोसिडिंगला आलेलं काढायचं म्हटलं तर कारण लिहावं लागतं.

झारीतला_शुक्राचार्य:

एवढं सगळं करून शेवटी काम कुठलं होणार तर ज्यात ठेकेदाराला मार्जिन आहे ते. चिंचोके मोजा तुम्ही.

भाऊसाहेब_निवृत्त:

@झारीतला_शुक्राचार्य, होतं तसंही, नाही म्हणत नाही. पण यादीच नसेल तर ठेकेदाराला विचारणार कोण?

गोदाकाठची:

मी अंगणवाडी सेविका आहे, आमचं गाव पण ऊसतोडीचं. बायका बोलत नाहीत असं सगळे म्हणतात, बायका भरपूर बोलतात हो, ग्रामपंचायतीच्या पायरीवर दीर-सासरे बसलेले असताना आत जाऊन कोण बोलेल? सभा सकाळी अकराला ठेवतात, तेव्हा बाई रानात. आमच्या पर्यवेक्षिका मॅडमनी एकदा गौरीच्या हळदी-कुंकवाला विषय काढला होता, पुरुष एक नाही, तासाभरात एवढं निघालं की लिहायला वही पुरली नाही.

त्यातली एक गोष्ट सांगते. सगळ्या म्हणाल्या पाणी नाही. टाकी आहे, नळ आहेत, विहिरीला पाणी आहे, मग पाणी नाही म्हणजे काय? खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं की थ्री फेज लाईट रात्रीची असली की पाणी सोडणारा रात्री दोनला मोटर चालू करतो आणि लगेच व्हॉल्व्ह पण सोडून देतो, म्हणजे वरच्या आळीच्या बायका त्या आठवड्यात रात्री दोनला उठून हंडे लावतात. पंचायतीनं यादीत लिहिलं होतं "नवीन पाण्याची टाकी". टाकीची गरजच नव्हती, रात्री टाकी भरून ठेवायची आणि सकाळी सहाला सोडायचं एवढं ठरवून द्यायचं होतं. भाऊसाहेब म्हणतात तो पहिला ढीग, बिनपैशाचा.

आणि दादा, टोळीला जाणाऱ्या बायकांना हे पण विचारा की तुम्ही गेल्यावर माघारी काय काय अडतं. त्यांना स्वतःसाठी काही मागायला सुचत नाही पण माघारचं बरोबर सांगतात.

डोंगरपट्टा:

सगळ्यांचे खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. ताईंचा शेवटचा प्रश्न तर डोक्यातच आला नव्हता.

लगेच एका वस्तीवर जाऊन बघितलं, उमेदच्या ताई बरोबर होत्या. नकाशा रांगोळीनं काढला, पहिला अर्धा तास एक मुकादमच बोलत होते, मग ताईंनी त्यांना पाणलोट सरांनी सांगितलं तसं काठी दुसऱ्याला द्यायला लावली, जरा तोंड वाकडं केलं पण दिली. चिंचोके प्रकार लोकांना जाम आवडला, एका आजींनी दहाचे दहा एकाच चित्रावर टाकले आणि वर अजून मागत होत्या.

पुरुषांचे दाणे सगळ्यात जास्त पडले वस्तीच्या रस्त्यावर. बायकांचे रस्त्यावर पण होते पण सगळ्यात मोठा ढीग हंगामी वसतिगृहावर (आईबाप तोडीला गेले की पोरांना गावातच सांभाळणारं). आमच्या शाळेत ते दरवर्षी उशिरा सुरू होतं, टोळ्या जाऊन महिना झाला की, तोपर्यंत पोरं एकतर आजीजवळ अर्धपोटी नाहीतर आईबापाबरोबर फडात जातात, आणि एकदा गेलेलं पोरगं मधेच परत येत नाही. बायकांचं म्हणणं एवढंच की आम्ही निघायच्या आधी ते चालू झालेलं डोळ्यांनी बघू द्या, पोरगं ठेवून जातो. बापे ऐकत होते, एक जण म्हणाला "हे आम्हाला कधी सांगितलं नाही", बायको म्हणाली "विचारलं कधी?" आणि सगळी वस्ती हसली.

म्हाताऱ्यांचं वेगळंच निघालं. रेशनला अंगठा उमटत नाही, दोन-दोन चकरा होतात आणि घरात दुसरं कुणी नसतं. दवाखान्याला न्यायला कुणी नाही. हे आराखड्यात कुठल्या रकान्यात टाकू ते कळेना.

आता अडलंय असं. वस्तीवर माणसं कमी, मूळ गावात जास्त. सगळ्यांचे चिंचोके एकत्र मोजले तर मूळ गावाचा सभामंडप वर येणार आणि वसतिगृह, वस्तीचा रस्ता खाली. काय करू?

पाणलोट:

एकत्र मोजूच नका. प्रत्येक वस्तीचं पहिलं काम थेट यादीत, मग दुसरी फेरी सगळ्यांची मिळून. पाच ठिकाणची पाच पहिली कामं आधी धरा, पैसे उरले तर पुढं. हा नियम मात्र मोजणीच्या आधी जाहीर करा. नंतर सांगितलात तर सरपंचांना ज्याची भीती आहे ते होणार.

भाऊसाहेब_निवृत्त:

नियम तुम्ही सांगू नका, सरपंचांना सांगू द्या. तुम्ही कर्मचारी आहात, तुमच्यावर ढकलतील.

वसतिगृहाला पंचायतीचा पैसा लागत नाही, ते समग्र शिक्षातून (शाळांसाठीची सरकारी योजना) होतं. शाळा व्यवस्थापन समितीनं कुठली पोरं माघारी राहणार त्यांची नावानिशी यादी करून आत्ताच प्रस्ताव द्यायचा आणि ग्रामसभेनं पाठिंब्याचा ठराव करायचा. टोळीला जाणारी घरं तुमच्या रजिस्टरला आहेतच की. अंगठ्याचं तहसीलच्या पुरवठा शाखेकडं, यादी जोडून. दवाखान्याचं आशाताईंशी बोला, एक ठरलेला वार आणि गावातली एखादी जीप, बिनपैशाच्या ढिगात जमतंय का बघा.

डोंगरपट्टा:

भाऊसाहेब, मुख्याध्यापकांशी आज बोललो, ते यादी करायला तयार आहेत, प्रस्तावाचा नमुना पाहिजे म्हणतात. कुणाकडं असला तर प्लीज व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. उरलेल्या दोन वस्त्या आणि तांडा १५ ऑगस्टच्या आत करतो. तांड्यावर गोरमाटी (बंजारा बोली) बोलणारं कुणीतरी बरोबर घ्यावं लागेल, तिथल्या एका कॉलेजच्या पोरीला विचारलंय, ती हो म्हणालीय पण तिच्या वडलांना अजून विचारायचंय.

गोदाकाठची:

नमुना आहे माझ्याकडं, आमच्या शाळेनं मागच्या वर्षी दिला होता. फोटो काढून पाठवते, जरा पुसट आहे. आणि त्या पोरीच्या वडलांकडं तुम्ही एकटे जाऊ नका, सीआरपी ताईंना पुढं करा.