रविवारच्या मोफत वर्गाला क्लबहाऊस द्यायचं का? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

*संदीप (सचिव):* नमस्कार. दर रविवारी सकाळी ३ तास क्लबहाऊस मिळावं असा अर्ज आलाय. 'मनःशांती व अंतर्जागृती वर्ग', मोफत, सर्वांसाठी खुला. अर्जावर संस्थेचं नाव नाही, फक्त मोबाईल नंबर आहे. सोबतच्या नोंदणी फॉर्मचा फोटो टाकतोय. हरकत असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा, नाहीतर होकार कळवतो.

*सुलभाकाकू:* द्या की. ध्यानच शिकवतायत, आपलं काय जातंय.

*मेधा (सी-४०३):* संदीप, होकार एवढ्यात नको. काकू, फॉर्म नीट वाचा. पहिले चार प्रश्न नाव-पत्त्याचे, ठीक. पाचवा: 'गेल्या वर्षभरात घरात मृत्यू, घटस्फोट, मोठं आजारपण किंवा नोकरी जाणे यांपैकी काय घडलं?' सातवा: 'राहतं घर कुणाच्या नावावर आहे?' आठवा: 'मनातलं घरात कुणाशी बोलता?'
ध्यान शिकवायला घर कुणाच्या नावावर आहे हे कशाला लागतं? पाचव्यातून माणूस कुठे हळवा झालाय ते कळतं, सातव्यातून त्याच्याकडे काय आहे ते, आणि आठव्यातून त्याला अडवू शकेल असं कोण आहे ते.

*अमेय:* म्हणजे सरळ बुवाबाजी म्हणा ना.

*मेधा (सी-४०३):* असेलच असं नाही. अजून आपल्याला काहीच माहीत नाही. आणि 'बुवाबाजी' म्हटलं की चमत्कार करणारा बाबा डोळ्यांपुढे येतो, तिथेच फसगत होते. कल्टमध्ये, म्हणजे माणसाला हळूहळू पूर्ण ताब्यात घेणाऱ्या गटात, कधी बुवा असतो, कधी सुटाबुटातला प्रशिक्षक, कधी एखादं जोडपं. 'संप्रदाय' हा शब्द तर यासाठी वापरूच नका, त्याने चांगल्या परंपरा उगाच बदनाम होतात.

*प्रकाशकाका (ए-१०२):* जपानचा ओम् शिनरिक्यो हा कल्ट १९८४ मध्ये टोकियोत योगवर्ग म्हणून सुरू झाला होता. २० मार्च १९९५ ला त्यांनीच भुयारी रेल्वेत सरीन हा विषारी वायू सोडला. सोडणाऱ्यांपैकी एक जण हृदयशल्यचिकित्सक होता, बाकीच्यांत विज्ञान शिकलेले तरुण होते. त्यामुळे 'शिकलेली माणसं फसत नाहीत' हे कुणी म्हणू नये.

*अमेय:* पण श्रद्धाच इतकी विचित्र असते, लोकांना कळत कसं नाही? अमेरिकेत १९९७ मध्ये ३९ जणांनी धूमकेतूमागून यान येतंय म्हणून जीव दिला.

*मेधा (सी-४०३):* तीच माणसं त्याआधी पोटापाण्यासाठी लोकांना वेबसाइट बनवून देत होती आणि काम चोख करायची. पहिल्या दिवशी यानाचं कुणी बोलत नाही रे. विचित्र भाग शेवटच्या पायरीवर येतो, तोवर माणसाचे मित्र, पैसा, वेळ सगळं तिथे गुंतलेलं असतं. म्हणून शिकवण काय आहे यात मी डोकं घालत नाही. 'नाही' म्हणणाऱ्याचं तिथे काय होतं, एवढं बघते.

*सुलभाकाकू:* थांब. पहाटे उठणं, उपास, दान, गुरूची आज्ञा, घरदार सोडणं, हे सगळ्याच धर्मांत आहे. मग सगळेच कल्ट का?

*मेधा (सी-४०३):* प्रश्न अगदी रास्त आहे. संन्यासाचंच उदाहरण घ्या. कॅथलिक मठात जाणाऱ्याला चर्चच्या कायद्याने किमान १२ महिने उमेदवारी करावी लागते, मग किमान ३ वर्षं तात्पुरती व्रतं, त्यानंतर कायमची. म्हणजे संस्थाच 'घाई करू नका' म्हणते. थेरवाद बौद्ध भिक्खूला वाटेल तेव्हा, कुणाला तरी तसं सांगून, चीवर उतरवता येतं. पुन्हा गृहस्थ झाला म्हणून त्याच्याशी कुणी बोलायचं थांबत नाही.
कल्टमध्ये उलटं. आत यायला घाई: 'आज रात्री ठरवा, उद्या हा योग नाही.' बाहेर पडायला मात्र बंदी: 'गेलात तर मुलाला अपघात होईल, आजार परतेल.' ही भीती इतकी आत रुजवतात की माणूस बाहेर पडल्यावरही वर्षभर प्रत्येक सर्दी-तापाला शिक्षा समजतो. उपास दोन्हीकडे आहे हो काकू, पण उपास मोडला तर काय होतं ते विचारा.

*सुलभाकाकू:* हं. हे पटलं.

*डॉ. रेश्मा (बी-२०१):* ओपीडी संपवून आत्ता वाचलं. सुरुवात कशी होते तेही लिही ना मेधा. लोक शेवटची लक्षणं पाठ करतात आणि पहिली सोडून देतात.

*मेधा (सी-४०३):* लिहिते. मोठा मेसेज होईल.
पहिल्या भेटीत प्रचंड आपुलकी. दारात तीन माणसं नावाने स्वागत करतात, शेजारी बसणारा 'योगायोगाने' तुमच्याच वयाचा, तुमच्याच व्यवसायातला निघतो. दोन दिवसांत पंधरा मेसेज. एकट्या माणसाला हे अमृतासारखं वाटतं, आणि त्यात त्याची काही चूक नाही. खरी मैत्री एवढ्या वेगाने होत नाही, आणि तुम्ही दोन रविवार चुकवलेत म्हणून आटतही नाही. तीच कसोटी. मुद्दाम दोन रविवार जाऊ नका आणि काय होतं ते बघा.
मग छोटी मागणी. खुर्च्या लावा, चार जणांना फोन करा. मग सगळ्यांसमोर उभं राहून 'मला काय मिळालं' ते सांगा. हे उभं राहून सांगणं फार महत्त्वाचं असतं, कारण चारचौघांत बोललेलं माणूस सहसा मागे घेत नाही. मग रविवारचा शनिवार-रविवार, मग रोज संध्याकाळ, मग निवासी शिबिर.
निवासी शिबिरात फोन जमा, घड्याळ नाही, ४-५ तास झोप, कमी आणि बेचव खाणं, तासन्‌तास एकाच ठेक्यातला घोष. तिसऱ्या रात्री रडू फुटतं किंवा अंग हलकं होतं. ते थकलेल्या मेंदूचं काम, पण तिथे त्याला साक्षात्कार म्हणतात आणि त्याच रात्री कायम सामील होण्याचा अर्ज पुढे येतो.
पुढे 'मन मोकळं करणं'. तुमची गुपितं कुणीतरी लिहून घेतं. धर्मगुरूकडे दिलेली कबुली गुप्त राहते. इथे ती चारचौघांत होते, वहीत राहते आणि तुम्ही कुरकुर केलीत की बाहेर येते.

*प्रकाशकाका (ए-१०२):* जोन्सटाऊनमध्ये हेच झालं. दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या जंगलात जिम जोन्स या अमेरिकी धर्मगुरूने आपल्या अनुयायांकडून कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या होत्या, खोट्या कबुल्याही लिहून घेतल्या होत्या. पासपोर्ट काढून घेतलेले, पत्रं वाचली जायची, विष पिण्याची रंगीत तालीम आधीच झालेली. १८ नोव्हेंबर १९७८ ला ९०० हून अधिक माणसं गेली, त्यात ३०० च्या आसपास मुलं. त्याला 'सामूहिक आत्महत्या' म्हणतात ते मला कधीच पटलं नाही. मुलं कसली आत्महत्या करतात?

*अमेय:* भाषेचंही काहीतरी असतं ना? एक ठरावीक बोली?

*मेधा (सी-४०३):* हो. रॉबर्ट लिफ्टन या मानसोपचारतज्ज्ञाने १९६१ मध्ये सक्तीने मन वळवण्याची ८ लक्षणं मांडली, त्यातलं हे एक. शंका मिटवणारी तयार वाक्यं. 'हा तुमचा अहंकार बोलतोय.' 'तुमची अजून तयारी नाही.' 'बुद्धीने नका घेऊ.' हिशोब विचारला तरी हेच उत्तर, मार का दिला विचारलं तरी हेच. प्रश्न बदलला आणि उत्तर तेच राहिलं की समजा, ते उत्तर नाही, झाकण आहे.
घरातल्यांच्या कानाला हे सगळ्यात आधी कळतं. माणूस एकदम दुसऱ्याच्या शब्दांत बोलायला लागतो, आणि थट्टा कमी होते. विनोद आटणं हे लक्षण यादीत कुठे नसतं, पण मी ते फार गंभीरपणे घेते.

*प्रकाशकाका (ए-१०२):* आता पैशाचं माझ्याकडून. बँकेच्या काउंटरवरून हे लवकर दिसतं. दान रोखीने किंवा एखाद्या व्यक्तीच्या खात्यावर मागणं, पावती नसणं किंवा पावतीवर नोंदणी क्रमांक नसणं, ही पहिली खूण. पहिला वर्ग मोफत, दुसरा नाममात्र, मग प्रत्येक 'पातळी' आधीच्या दुप्पट-तिप्पट, आणि शेवटची पातळी किती पैशांची ते आज कुणीच सांगत नाही.
त्यानंतर ज्येष्ठ खातेदार मुदत ठेव मुदतीआधी मोडायला येतात. सोबत एक अनोळखी, अतिशय नम्र माणूस असतो आणि प्रश्नांची उत्तरं तोच देतो. मग विम्याची वारसनोंद बदलते, संयुक्त खात्यातून जोडीदाराचं नाव काढा म्हणतात. शेवटी बक्षीसपत्र किंवा मुखत्यारपत्र. बँकेत असं दिसलं तर खातेदाराला एकट्याला केबिनमध्ये घ्यावं, 'सहीचा नमुना जुळत नाही' म्हटलं तरी चालतं, आणि शांतपणे विचारावं.

*ॲड. किशोर (डी-५०४):* भर घालतो. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही नाही. बक्षीसपत्र एकदा रीतसर झालं की परत फिरवणं अतिशय कठीण, मृत्युपत्र मात्र हयातीत कधीही बदलता येतं. कुणाला द्यायचंच असेल तर मृत्युपत्रात लिहा म्हणावं. प्रामाणिक संस्था आनंदाने हो म्हणेल. मुखत्यारपत्र दिलं असेल तर ते लेखी रद्द करून बँक आणि नोंदणी कार्यालयाला कळवा, नुसतं फाडून उपयोग नाही.

*डॉ. रेश्मा (बी-२०१):* माझ्या दृष्टीने एक गोष्ट बाकी सगळ्यांच्या वर: औषध बंद करायला सांगणं. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन थांबलं तर एक-दोन दिवसांतच रक्तात आम्ल वाढायला लागतं. उलट्या, पोटदुखी, धाप, तोंडाला गोडसर वास, मग बेशुद्धी. फिट्सची गोळी अचानक बंद केली तर एकामागून एक झटके येऊ शकतात. मनोविकाराच्या औषधांत फसवं असतं, कारण पहिले काही आठवडे माणूस 'छान' वाटतो आणि तेच यश म्हणून सांगितलं जातं.
ऑस्ट्रेलियातल्या टूवुम्बात जानेवारी २०२२ मध्ये एका छोट्या धार्मिक गटाने आठ वर्षांच्या मुलीचं इन्सुलिन थांबवलं, भोवती बसून प्रार्थना केली. ती गेली. २०२५ मध्ये आईवडिलांसह १४ जण मनुष्यवधाबद्दल दोषी ठरले. 'औषधासोबत प्रार्थना करा' म्हणणाऱ्याशी माझं भांडण नाही. 'औषधाऐवजी' म्हणाला की तिथे थांबायचं नाही.

*सुलभाकाकू:* आणि घरातलं माणूस आधीच त्यात असलं तर? ओढून आणायचं?

*ॲड. किशोर (डी-५०४):* सज्ञान माणसाला ओढून आणणं म्हणजे अपहरण. अमेरिकेत १९७० च्या दशकात टेड पॅट्रिक नावाचा माणूस तरुण मुलांना असं पळवून, कोंडून त्यांच्यावरचा गटाचा पगडा 'उतरवायचा'. १९८० मध्ये अपहरणाबद्दल दोषी ठरला. शिवाय त्यातून निसटलेला माणूस दुप्पट घट्ट होऊन परत जातो. पोलिसांकडे जायचं ते मूल धोक्यात असेल, कुणाला कोंडलं असेल, मारहाण, लैंगिक शोषण, धमकी असेल किंवा औषध तोडलं असेल तेव्हा. तारीख, वेळ, मेसेजचे स्क्रीनशॉट, बँकेची नोंद घेऊन जा. 'ब्रेनवॉश केलंय' एवढ्या तक्रारीवर कुणाला काही करता येत नाही.

*मेधा (सी-४०३):* काकू, पहिलं म्हणजे 'कल्ट' हा शब्द त्यांच्यासमोर काढू नका. 'बाहेरचे लोक असं म्हणतील' हे त्यांना आधीच सांगून ठेवलेलं असतं. तुम्ही म्हणालात की भविष्यवाणी खरी ठरली.
दुसरं, निर्वाणीची भाषा नको. 'ते किंवा आम्ही' म्हटलं की ते तिकडे जातात, आणि गटालाही तेच हवं असतं. आठवड्यातून एक साधा मेसेज पाठवा, उत्तर आलं नाही तरी. त्यात उपदेश नको, टोमणा नको. 'जुना अल्बम सापडला, तुझा सायकलवरचा फोटो आहे, पाठवू का?' एवढंच. त्या माणसाचं आधीचं आयुष्य जिवंत ठेवायचंय.
भेट झाली तर एक प्रश्न विचारा आणि गप्प बसा. 'तुला पटलं नाही असं काही तिथे आहे का? ते कुणाला सांगता येतं?' उत्तराची घाई नको. पैसे मागितले तर रोख देऊ नका, तिकीट काढून द्या, दवाखान्याचं बिल थेट भरा. त्यांच्या कागदपत्रांच्या प्रती घरी ठेवा. आणि 'कधीही आलास तरी कुणी काही विचारणार नाही' हे एकदा सांगून ठेवा, आणि खरंच विचारू नका. परतल्यावर 'मी सांगत होते ना' हे वाक्य गिळायचं, ते सगळ्यात अवघड असतं.
परतलेल्याला काय घालावं, काय खावं असे निर्णयसुद्धा काही महिने जड जातात. तोच घोष कुठे ऐकू आला तर क्षणभर तंद्री लागते. ते वेड नाही, उतरतं. झोप, ठरलेलं जेवण, साधं काम आणि समुपदेशक. घाईने दुसऱ्या एखाद्या अध्यात्मात नेऊन बसवू नका.

*संदीप (सचिव):* बापरे. मी आपला हॉलचं विचारत होतो. आता अर्जदाराला नेमकं काय विचारू?

*मेधा (सी-४०३):* संस्थेचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक. शिकवणारा कोण, तो कुणाला उत्तरदायी. पुढचे वर्ग कुठे, किती पैशांचे, सगळ्या पातळ्यांचे दर लेखी. सोडायचं असेल तर पैसे परत मिळतात का. निवासी शिबिरात फोन जवळ ठेवता येतो का, मधूनच घरी जाता येतं का. घरचं कुणी मागे बसून बघू शकतं का. आणि फॉर्ममधले ते तीन प्रश्न कशासाठी.

*ॲड. किशोर (डी-५०४):* उत्तरं लेखी घ्या. तोंडी काहीही सांगतात.

*संदीप (सचिव):* फोन केला. संस्थेचं नाव 'पहिल्या सत्रानंतर सांगू' म्हणाले. दरांचं 'अजून ठरलं नाही'. सातवा प्रश्न 'हवं तर काढून टाकतो'.

*मेधा (सी-४०३):* आणि पाचवा, आठवा?

*संदीप (सचिव):* ते विचारल्यावर म्हणाले, 'साहेब, तुमच्या आवाजात खूप ताण जाणवतोय. घरात सगळं ठीक आहे ना? रविवारी एकदा तुम्हीच या.'

*सुलभाकाकू:* हॉल नको.